हिड्नोरा आफ्रिकाना : पान, खोड नसलेल्या वनस्पतीचे रूपज्ञान

द्रव्यगुणशास्त्राच्या अभ्यासकास वनस्पतीची ओळख करून देताना आपण प्रथम पानाकडे बोट दाखवितो. पान साधे की संयुक्त, समोरासमोर की एकाआड एक, कडा अखंड की दंतुर, या प्रश्नांनीच आपल्या वनौषधी-परिचयाचा आरंभ होतो. त्यानंतर खोड, साल, चीक, फूल, फळ असा क्रम लागतो. परंतु ज्या वनस्पतीस पानच नाही, खवल्याच्या रूपातही पानाचा अवशेष नाही, जमिनीवर येणारे खोड नाही आणि हिरवा रंग तर औषधालाही नाही, अशी वनस्पती ओळखावी कशी? केवळ कुतूहलापोटी हा प्रश्न आम्ही मांडलेला नाही. वैद्याच्या हाती येणाऱ्या द्रव्याची खात्री कशी करावी या नित्याच्या प्रश्नाचेच हे टोकाचे रूप आहे. त्याच्या विवेचनासाठी दक्षिण आफ्रिकेच्या रुक्ष प्रदेशातील हिड्नोरा आफ्रिकाना या बहुवर्षायू परोपजीवी वनस्पतीची निवड आम्ही प्रस्तुत लेखात केली आहे.

ही वनस्पती भारतात आढळत नाही आणि आपल्या निघंटूंत तिचा उल्लेख नाही. तिचा अंतर्भाव आपल्या औषधीसंग्रहात करावा, असेही आम्हांस सुचवावयाचे नाही. तथापि तिच्या ओळखीत विद्वानांची आणि बाजाराची जी फसगत झाली, तीच फसगत आपल्याकडील बांडगूळ, अमरवेल इत्यादी द्रव्यांबाबत होऊ शकते. म्हणून हा परिचय उपयुक्त ठरावा.

नामाचा इतिहास

कार्ल पीटर थुनबर्ग हे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांचे शिष्य. 1772 ते 1775 या काळात ते दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रदेशात वनस्पतिसंग्रह करीत होते. तेथे त्यांस जमिनीतून वर आलेली, मांसल, तपकिरी व दुर्गंधी अशी एक वस्तू दिसली. तिला पान नव्हते, देठ नव्हता, हिरवेपणा नव्हता. 1775 मध्ये थुनबर्ग यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले ते कवक, म्हणजे भूछत्राच्या वर्गातील जीव म्हणून. हिड्नोरा हे नावही जमिनीखाली वाढणाऱ्या खाद्य कवकाच्या ग्रीक नावावरूनच घेतलेले आहे. पुढील वर्षी, 1776 मध्ये, लिनियस यांच्याच मार्गदर्शनाखाली एरिक अकारियस यांनी हिच्यावर प्रबंध सादर केला. त्यात तिला जे नाव देण्यात आले त्याचा भावार्थ 'वनस्पतीवाचून' असा होतो. फूल आहे, पण ते ज्या झाडास लागावे ते झाडच नाही, असा हा चकित करणारा अनुभव त्या नावात साठविलेला आहे.

येथे थुनबर्ग यांस दोष देण्याचे कारण नाही. ते कसलेले निरीक्षक होते. त्यांच्यापुढे वनस्पतीचा केवळ दृश्य भाग होता आणि त्या भागाचे बाह्यरूप खरोखरच कवकासारखे होते. चूक झाली ती बाह्य सादृश्यावरून वर्ग ठरविण्याची. फुलाचे अंतरंग उघडून पाहिले तेव्हा त्यात परागकोश, कुक्षी व असंख्य बीजके आढळली, आणि ही सपुष्प वनस्पती आहे याविषयी शंका उरली नाही. प्रारंभीचे नाव मात्र कायम राहिले. आज या वनस्पतीस आपण ज्या नावाने संबोधतो, ते एका चुकीच्या ओळखीचे स्मारक आहे.

स्थानिक लोकांची नावे याहून बोलकी आहेत. आफ्रिकान्स भाषेत तिला 'जॅकल्सकोस', म्हणजे कोल्ह्याचे खाद्य, असे म्हणतात. नामा लोकांत 'कानिप' हे नाव रूढ आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पहिल्याच अध्यायात, वनौषधींची नावे व रूपे गुराखी, मेंढपाळ आणि वनात राहणारे लोक जाणतात असे सांगितले आहे. तेथील मेंढपाळांनी हिला कवक न म्हणता कोल्ह्याचे खाद्य म्हटले, कारण त्यांनी तिचे फळ आणि ते उकरणारा प्राणी अशी दोन्ही पाहिली होती.

आश्रय

हिड्नोरा आफ्रिकाना ही पूर्ण परोपजीवी वनस्पती आहे. अर्ध परोपजीवी वनस्पती पाणी व क्षार दुसऱ्याकडून घेतात, परंतु हिरव्या पानांच्या साहाय्याने अन्न स्वतः तयार करतात. आपल्याकडील चंदन व बांडगूळ ही त्याची परिचित उदाहरणे होत. पूर्ण परोपजीवी वनस्पतीत हरितद्रव्यच नसते. पाणी, क्षार आणि तयार अन्न या तिन्हींसाठी तिला आश्रयदात्या वनस्पतीवर अवलंबून राहावे लागते.

हिचा आश्रय युफोर्बिया या प्रजातीतील झुडपांच्या मुळांवर असतो. ही प्रजाती आपणांस अपरिचित नाही. स्नुही, म्हणजे निवडुंग वा थोर, याच प्रजातीतील. कुंपणाला लावला जाणारा, पेन्सिलीसारख्या हिरव्या कांड्यांचा शेर हाही याच प्रजातीतील असून मूळचा आफ्रिकेचाच. हिड्नोरा आफ्रिकानाचा प्रमुख यजमान युफोर्बिया मॉरिटानिका हा दिसण्यात पुष्कळसा आपल्या शेरासारखा आहे. त्याच्या हिरव्या, मांसल, चिकाळ कांड्यांच्या दाट झुडपाखाली जमिनीत हिड्नोरा पसरलेली असते. वर्षातील बहुतेक काळ वरून पाहणाऱ्यास तिचा मागमूसही लागत नाही.

आश्रयाच्या निवडीत या प्रजातीतील निरनिराळ्या जाती काटेकोर आहेत. दीर्घकाळ हिड्नोरा आफ्रिकाना या एकाच नावाखाली मोडणाऱ्या वनस्पतींपैकी काही 2011 मध्ये वेगळ्या काढण्यात आल्या आणि त्यांस हिड्नोरा व्हिसेरी असे नाव देण्यात आले. हिचे यजमान युफोर्बिया ग्रेगारिया व युफोर्बिया गमिफेरा हे होत. हिड्नोरा ट्रायसेप्स ही तिसरी जाती युफोर्बिया ड्रेगियानाच्या मुळांवर वाढते. याउलट आफ्रिकेत फार विस्तृत प्रदेशात आढळणारी हिड्नोरा अ‍ॅबिसिनिका ही बाभूळ-खैराच्या वर्गातील वृक्षांच्या मुळांवर जगते. म्हणजे 'कोणाच्या मुळावर?' हा प्रश्न विचारल्यावाचून जातीची निश्चिती पूर्ण होत नाही. इतर वनस्पतींच्या वर्णनात निवासस्थान ही पूरक माहिती असते, परोपजीवी वनस्पतीच्या वर्णनात मात्र आश्रय हा रूपाचाच भाग मानावा लागतो.

भूमिगत अंग

हिड्नोराचे शरीर म्हणजे जमिनीत आडवे पसरलेले, जाड, कोनयुक्त दोरखंडासारखे अंग. वरून ते गडद तपकिरी असते आणि तोडले असता आत लालसर गर दिसतो. चव अत्यंत तुरट असते. या अंगाच्या कडांवर ओळीने बोथट उंचवटे असतात. त्यांपैकी जो उंचवटा यजमानाच्या मुळास भिडतो, त्याचे चूषकांगात रूपांतर होते. ते मुळात शिरते आणि दोन्ही वनस्पतींच्या वाहिन्यांमध्ये संबंध जोडते. इतर उंचवट्यांतून फांद्या किंवा फुलांच्या कळ्या निघतात.

या अंगास मूळ म्हणावे की मूलक्षोड, म्हणजे जमिनीतील आडवे खोड, याविषयी वनस्पतिशास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद चालला. खोड म्हणावे तर पेर नाही, डोळा नाही, पानाचा खवलाही नाही. मूळ म्हणावे तर त्यावर फुले येतात. आले, हळद यांच्या कंदावर खवल्यांची वलये दिसतात व त्यावरून ते खोड आहे हे आपण विद्यार्थ्यांस पटवून देतो. येथे तशी एकही खूण नाही. परिणामी वाळवून तुकडे केलेल्या स्वरूपात हे द्रव्य समोर आले, तर ते कोणत्याही तुरट, लालसर मुळासारखे भासेल.

पान नसल्याचा एक लाभ या वनस्पतीस झालेला दिसतो. सामान्यतः परोपजीवी वनस्पती पाण्याच्या बाबतीत उधळ्या असतात. यजमानाकडून पाणी खेचून घेण्यासाठी त्या पानांतून भरमसाट बाष्पोत्सर्जन करतात. हिड्नोरा मात्र जमिनीखाली झाकलेली असल्याने तिचा पाण्याचा व्यय अत्यल्प आहे. वाळवंटी प्रदेशात यजमान जगला तरच आश्रित जगणार. कदाचित म्हणूनच हा ऋणानुबंध वर्षानुवर्षे टिकू शकतो. मराठीत आपण आयत्या बिळावर जगणाऱ्यास बांडगूळ म्हणतो, परंतु इतके मितव्ययी बांडगूळ विरळाच.

फुलाची रचना

पुरेसा पाऊस झाल्यानंतर भूमिगत अंगावरील कळी जमीन फोडून वर येते. फूल एकाकी व मांसल असून साधारणतः 10 ते 15 सेंटीमीटर लांब असते. त्याचा बराचसा भाग जमिनीतच राहतो. बाहेरील पृष्ठ करड्या-तपकिरी रंगाचे व भेगाळ असते. निदले व पाकळ्या असा भेद नाही, तर एकाच प्रकारची तीन जाड परिदले असतात. क्वचित चार आढळतात. खालच्या बाजूस ती जुळून नळी बनते. वरच्या बाजूस फूल उमलू लागते तेव्हा परिदलांची टोके काही काळ एकमेकांस चिकटलेलीच राहतात आणि मधल्या तीन फटींतून आतील भडक नारिंगी रंग दिसतो. फटींच्या कडांवर राठ केसांची दाट झालर असते.

परिदलांच्या आतील अंगावर पांढरट, स्पंजासारखे गंधोत्पादक भाग असतात. त्यांतून कुजलेल्या मांसासारखा वास येतो. त्याखाली नळीत पुंकेसरांचा कक्ष लागतो. परागकोश एकमेकांस जुळून तेथे एक कडे तयार झालेले असते व त्याच्या मध्यभागी अरुंद छिद्र असते. छिद्राखाली आणखी एक कक्ष असून त्याच्या तळाशी गादीसारखी पसरट कुक्षी असते. तिच्याखाली, सर्वांत खोल, अधःस्थ किंजपुट असून त्यात असंख्य सूक्ष्म बीजके असतात. अशा रीतीने हे फूल म्हणजे एकावर एक रचलेल्या दालनांचा बुरूजच होय. वरचे दालन गंधाचे, मधले परागांचे, खालचे कुक्षीचे.

या प्रजातीतील हिड्नोरा ट्रायसेप्सचे फूल तर मातीखालीच उमलते. वरून पाहणाऱ्यास जमिनीला पडलेल्या भेगेवाचून काही दिसत नाही.

परागणाची युक्ती

या रचनेचे प्रयोजन परागणाच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. नामिबियात झालेल्या व 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मृत प्राण्यांच्या कातड्यावर उपजीविका करणारे भुंगेरे, विशेषतः डर्मेस्टिस मॅक्युलेटस ही जाती, या फुलांचे प्रभावी परागण करतात. वाळविलेल्या कातड्यांची व सुक्या मासळीची नासधूस करणारा कीटक म्हणून हा भुंगेरा व्यापाऱ्यांस परिचित आहे. कुजलेल्या मांसाच्या गंधाने तो फसतो व परिदलांमधील फटींतून आत शिरतो. आतील भिंती गुळगुळीत असल्याने त्यास वर चढता येत नाही आणि तो खालच्या दालनात अडकून पडतो.

या फुलात स्त्री-अवयव आधी व पुं-अवयव नंतर पक्व होतात. भुंगेरा प्रथम येतो तेव्हा कुक्षी ग्रहणक्षम असते. दुसऱ्या फुलातून अंगावर आलेले पराग तो तेथे सोडतो. पुढे परागकोश फुटतात आणि खालच्या कैद्याच्या अंगावर पराग सांडतात. त्याच सुमारास भिंतींचा गुळगुळीतपणा जाऊन त्या खरबरीत होतात. भुंगेऱ्यास पाय रोवता येतात, तो बाहेर पडतो आणि पुन्हा दुसऱ्या फुलाच्या गंधाला भुलतो. फूल कीटकास खात नाही, पचवीत नाही, केवळ काही काळ अडकवून ठेवते. म्हणून हिला मांसाहारी वनस्पती समजणे ही आणखी एक फसगत ठरेल. कीटकाला अन्न मिळत नाही, अंडी घालण्यास योग्य जागाही मिळत नाही. हा व्यवहार पूर्णतः एकतर्फी आहे.

फळ व बीज

फलधारणा जमिनीखालीच होते. फळ गोल, जाड चामड्यासारख्या सालीचे मृदुफळ असून त्यातील पिठूळ, गोडसर गरात हजारो सूक्ष्म बिया असतात. ते पक्व होण्यास दीर्घ काळ लागतो. पक्व फळाच्या वासाने कोल्हे, साळिंदर, वानरे इत्यादी प्राणी जमीन उकरतात व ते खातात, आणि त्यांच्याद्वारे बीजप्रसार होतो. माणसेही हे फळ खातात. फळातील कषायद्रव्यामुळे कातडी कमाविण्यासाठी व मासेमारीची जाळी टिकाऊ करण्यासाठीही त्याचा वापर होत आला आहे.

बियांची संख्या इतकी प्रचंड का, याचे कारण उघड आहे. बीजातील अन्नसाठा नाममात्र असतो आणि अंकुरास स्वतः अन्न निर्माण करता येत नाही. ज्या बीजाच्या निकट योग्य यजमानाचे जिवंत मूळ असेल, त्याचेच भवितव्य आहे. बाकीच्या हजारो बिया व्यर्थ जातात.

कुळ : मिरी-पिंपळीची दूरची आप्त

इतक्या विलक्षण रूपामुळे हिचे कुळ ठरविणे दीर्घकाळ कठीण गेले. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट ब्राऊन यांनी हिचा अभ्यास केला तो प्रचंड फुलासाठी प्रसिद्ध असलेल्या रॅफ्लेशियासोबत, आणि अनेकांनी पुढे या दोघींना शेजारी ठेवले. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने हिचे नाते अ‍ॅरिस्टोलोकिएसी कुळाशी असल्याचे दाखविले. 2016 च्या सपुष्प वनस्पतींच्या वर्गीकरणात हिड्नोरेसी हे कुळ त्याच कुळात समाविष्ट करण्यात आले. ज्या गणात हे कुळ येते त्याच गणात मिरी, पिंपळी व नागवेल येतात. त्रिकटूतील दोन द्रव्यांची ही दूरची आप्त आहे, हे पानावरून किंवा गंधावरून कोणाच्या ध्यानी आले असते?

अ‍ॅरिस्टोलोकिया प्रजातीतील ईश्वरी, म्हणजे सापसंद, आपल्या वैद्यांस ठाऊक आहे. तिच्या नळीसारख्या फुलात लहान माश्या अशाच काही काळ अडकून पडतात आणि तेथेही स्त्री-अवयव आधी पक्व होतात. बाह्यरूप सर्वस्वी भिन्न असतानाही फुलाच्या व्यवहारात कुळाचे वळण दिसून येते.

परोपजीवनाने अंतरंगात किती पालट होतो हेही 2016 मध्येच स्पष्ट झाले. प्रकाशसंश्लेषणाशी निगडित असलेल्या पेशीघटकातील जनुकसंच सामान्य हिरव्या वनस्पतींत सुमारे दीड लाख अक्षरांचा व शंभराहून अधिक जनुकांचा असतो. हिड्नोरा व्हिसेरीत तो सुमारे 27 हजार अक्षरांवर व 24 जनुकांवर आला आहे. जे वापरावयाचे नाही ते हळूहळू गळून जाते, हा निसर्गक्रम येथे अक्षरशः मोजता येतो.

औषधी उपयोग व नामसंकर

दक्षिण आफ्रिकेच्या लोकवैद्यकात हिड्नोरा आफ्रिकाना अतिसार, प्रवाहिका आणि वृक्क व मूत्राशयाच्या तक्रारींवर वापरली जाते. मुखदूषिकांवर हिच्या पाण्याने चेहरा धुतात. सुदानमध्ये हिड्नोरा अ‍ॅबिसिनिकाचे भूमिगत अंग अतिसार-प्रवाहिकेत दिले जाते. कषाय रस व ग्राही कर्म या आपल्या परिभाषेत हे उपयोग सहज बसतात. तथापि रसावरून केलेले अनुमान हे परीक्षणाचा आरंभ होय, शेवट नव्हे.

येथेच नामाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. झुलू भाषिकांच्या औषधी बाजारात 'उमावुम्बुका' या नावाने तुरट, लालसर तुकडे विकले जातात. हे नाव हिड्नोराला लावले जाते, तसेच सार्कोफायटे सँग्विनिया या बालानोफोरेसी कुळातील निराळ्याच परोपजीवी वनस्पतीलाही लावले जाते. विशेष असे की हिड्नोरा अ‍ॅबिसिनिका व सार्कोफायटे या दोन्ही बाभळीच्या वर्गातील वृक्षांच्या मुळांवर वाढतात. म्हणजे नाव एक, आश्रयही एकाच वर्गातला, अंगही भूमिगत आणि वनस्पती दोन. आश्रय जाणणे आवश्यक आहे असे आम्ही वर म्हटले, परंतु केवळ तेवढ्याने भागत नाही, हेही यावरून कळते. फूल किंवा फळ पाहिल्यावाचून निश्चिती नाही. आणि बाजारात फूल कधीच येत नाही, येतो तो सुका तुकडा.

यात संवर्धनाचाही प्रश्न आहे. भूमिगत अंग काढावयाचे म्हणजे वनस्पती खणूनच काढावयाची आणि त्याबरोबर यजमानाची मुळे दुखवावयाची. जिची लागवड करण्यासाठी आधी दुसऱ्या वनस्पतीची लागवड करावी लागते, तिचा ऱ्हास झाल्यास भरपाई सोपी नाही.

नाव एक व द्रव्य दुसरे, या प्रकाराचे परिणाम किती भयंकर होऊ शकतात याचे उदाहरण बेल्जियममधील आहे. तेथे वजन घटविण्यासाठी दिल्या गेलेल्या चिनी वनौषधींच्या मिश्रणात स्टेफानिया टेट्रांड्राऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया फांगची हे द्रव्य आले. दोन्हींच्या चिनी नावांत 'फांग ची' हा समान भाग होता. अनेक स्त्रियांचे वृक्क निकामी झाल्याचे 1993 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे बाधितांची संख्या शंभरावर गेली आणि त्यांपैकी काहींत मूत्रमार्गाचे कर्करोग आढळले. अ‍ॅरिस्टोलोकिया प्रजातीतील वनस्पती असलेली औषधे 2002 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात घातली. आपल्या ईश्वरीतही अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असते, हे वैद्यांनी विसरू नये. कुळावरून घटक ठरत नाहीत, परंतु काय तपासावे याची दिशा कुळ दाखविते. वर्गीकरण हा केवळ महाविद्यालयीन पाठांतराचा विषय नाही, तो या अर्थाने रुग्णाच्या सुरक्षिततेचा विषय आहे.

आपल्या परिसरातील परोपजीवी

आता आपल्या अंगणाकडे वळू. ज्वारीच्या मुळांवरील टारफुला व तंबाखूवरील बंबाखू शेतकऱ्यांस चांगलेच परिचित आहेत. सह्याद्रीत पावसाळ्यात गवत-बांबूच्या मुळांवर एजिनेशिया इंडिकाची जांभळट, पर्णहीन फुले वर येतात. सदाहरित वनांत बालानोफोरा आढळते. एका अभ्यास-सहलीत बालानोफोराचे लाल गोंडे पाहून आमच्याबरोबरच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकमुखाने 'भुईछत्री' असे उत्तर दिले होते. थुनबर्ग यांची चूक अडीचशे वर्षांनंतरही तितकीच सहज घडते.

याहून व्यवहारातील प्रश्न अमरवेलीचा आहे. अमरवेल या नावाने कस्क्यूटा रिफ्लेक्सा आणि कॅसिथा फिलिफॉर्मिस या दोन्ही वेली गोळा केल्या जातात. पहिली रताळ्याच्या कुळातील, दुसरी दालचिनीच्या कुळातील. कोकणच्या किनाऱ्यावर दुसरी विपुल आहे. आमच्याकडे एकदा खरेदी केलेल्या सुक्या अमरवेलीत दोन्हींची सरमिसळ निघाली, आणि ती ध्यानात आली ती केवळ काही फळे शिल्लक राहिली होती म्हणून. कॅसिथाचे फळ मांसल आवरणात असून त्यात एकच बी असते. कस्क्यूटाचे फळ शुष्क असून त्यात दोन ते चार बिया असतात. ताज्या स्थितीत कस्क्यूटा पिवळसर व कॅसिथा हिरवट छटेची असते. वाळल्यावर हा भेद पुसला जातो.

तिसरा व सर्वांत गंभीर विषय वंदाकाचा, म्हणजे बांडगुळाचा. वृक्षादनी, वृक्षरुहा ही त्याची पर्यायनामेच सांगतात की वृक्षाशी असलेला संबंध हे त्याचे लक्षण आहे. अमुक वृक्षावरचे बांडगूळ अमुक व्याधीवर, असा भेद परंपरेने पाळला जातो. कित्येकांस हा भेद अंधश्रद्धेचा वाटतो. परंतु कण्हेरीवर वाढलेल्या डेंड्रोफ्थी फाल्काटा या बांडगुळात हृदयावर तीव्र कर्म करणारी कण्हेरीचीच ग्लायकोसाइड द्रव्ये आढळल्याचे 1961 मध्येच प्रसिद्ध झाले आहे. म्हणजे आंब्यावरील बांडगूळ व कण्हेरीवरील बांडगूळ ही वनस्पतिशास्त्रदृष्ट्या एकच जाती असली तरी वैद्याच्या दृष्टीने एक द्रव्य नव्हेत. पहिल्याऐवजी दुसरे दिले गेल्यास प्राणावर बेतू शकते.

अर्थात आश्रयाचे गुण आश्रितात सरसकट उतरतात, असाही नियम करता येत नाही. युफोर्बिया प्रजातीचा चीक तीक्ष्ण व दाहक असतो, आणि आपली स्नुही तर तीक्ष्ण विरेचनात अग्रेसर. त्याच प्रजातीच्या मुळांवर जगणारी हिड्नोरा मात्र अतिसारावर ग्राही म्हणून वापरली जाते. काय उतरते व काय उतरत नाही, हे प्रत्येक जोडीबाबत स्वतंत्रपणे पाहावे लागते. म्हणूनच जोडीची नोंद असणे अगत्याचे आहे.

उपसंहार

या विवेचनातून वैद्यबंधू-भगिनींपुढे आम्ही तीन सूचना नम्रपणे ठेवीत आहोत. पहिली, कोणतेही परोपजीवी द्रव्य संग्रहित करताना त्याच्या नावाबरोबर यजमान वृक्षाचे नाव, स्थान व ऋतू यांची चिठ्ठीवर नोंद करावी. अशी नोंद नसलेले बांडगूळ व अमरवेल खरेदी करू नये. दुसरी, संग्रहासोबत फूल वा फळ असलेला किमान एक नमुना दाबून जपून ठेवावा, कारण पर्णहीन द्रव्याची साक्ष शेवटी तेच देतात. तिसरी, अशी द्रव्ये शक्यतो स्वतः किंवा विश्वासू जाणकाराकरवी ताजी काढून आणावीत, चूर्णाच्या स्वरूपात कदापि घेऊ नयेत.

केपच्या माळरानावर थुनबर्ग यांनी जे पाहिले ते खोटे नव्हते, अपुरे होते. मेंढपाळाने पाहिलेले फळ, शास्त्रज्ञाने उघडलेले फूल आणि खणून शोधलेला यजमान ही तिन्ही एकत्र आली तेव्हा हिड्नोराचे रूप पूर्ण झाले. आपल्या दवाखान्यातील बरणीत असलेल्या बांडगुळाचा वृक्ष कोणता, हे आज बरणी उघडून पाहावे. चिठ्ठी नसेल तर ते द्रव्य रुग्णास देऊ नये.